तारेखालचा राब

माझी सगळी नोकरी झाडं तोडण्यात गेली आणि पगार मात्र वीज कंपनीनं दिला. लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "मुलगा करतो काय?" वडील अभिमानानं म्हणाले, "वीज कंपनीत मुकादम हाय." "ते समजलं, पन करतो काय?" "झाडं तोडतो." हे लोक आपल्याला फसवताहेत अशी सासऱ्यांची खात्री झाली. पुढं खालापूरच्या बाजारात त्यांनी चार जणांकडे चौकशी केली, तेव्हा कुठं सुपारी फुटली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनाही तोच प्रश्न पडलेला दिसला. "तुम्ही विजेतले, विजेच्या गमतीजमती लिहा," असं ते म्हणाले. गमतीजमती थोड्या आहेत. बाकी बहुतेक वेळा मी हबकलेलाच असे. मी मुळात भित्रा माणूस, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आमच्या कामात भित्रे लोक पेन्शनीपर्यंत पोचले. धीट माणसांना खांद्यावरून खाली आणताना मी पाहिलं आहे.

काम काय ते आधी सांगतो. घाटमाथ्यावरचं पाणी नळांतून पायथ्याच्या वीजघरात पडे आणि तिथं तयार झालेली वीज मोठ्या लोखंडी मनोऱ्यांवरून मुंबईकडे जाई. वाट खालापूर, चौक, कर्जतच्या डोंगरकडेची. म्हणजे रानातली. तारेखाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा, हे आमच्या गँगचं काम. कुऱ्हाडी, कोयते, करवत, काथ्याचे दोर आणि गोमा ठाकर, एवढा आमचा सरंजाम. गोमा ठाकुरवाडीचा. इतर माणसं झाडावर चढतात, गोमा झाडावर चालत जायचा.

लोकांना वाटतं, फांदी तारेला टेकली तरच बिघडतं. तसं नाही. घरातल्या दिव्याच्या तारेला वरून कातडं असतं. मोठ्या लाइनीच्या तारा उघड्या असतात, त्यांच्याभोवती असते ती फक्त हवा. ती हवा कमी पडली की वीज उडी मारते. शिवाय उन्हाळ्यात भर दुपारी तार तापते, लांबते आणि तिचा झोळ खाली येतो. सकाळी जी फांदी गरीब वाटते ती दुपारी गरीब राहत नाही. आणि बांबू तर आमचा खरा वैरी. साजगावच्या बाजूला एक बेट होतं. ते ज्येष्ठात छाटावं, तर गणपती येईतो त्याचे कोंब पुन्हा तारेला हात लावायला निघालेले. त्या बेटाला गँगनं आपल्या जुन्या साहेबाचं नाव ठेवलं होतं, कारण तेही कितीही समजावलं तरी पुन्हा डोकं वर काढी.

चौकला हमरस्त्यावर काकामियांचं चहाचं दुकान होतं. मागं त्यांचा आंबा, आणि आंब्याच्या शेंड्यावरून आमची लाइन. दरवर्षी शेंडा छाटायला गेलो की काकामिया म्हणत, "फळ उतरू द्या, मग या." फळ उतरलं की म्हणत, "पाऊस तोंडावर आलाय, आता घाव घातला तर झाड कुजंल." एका वैशाखात मी दुपारचा त्यांच्या दुकानाशी आलो आणि सहज वर पाहिलं. काकामिया वरच्या फांदीवर उभे, हातात आंबे उतरवायचा लांबलचक झेला, आणि झेल्याचं टोक शेंड्यावरच्या एका पिवळ्या आंब्याकडे निघालेलं. आंब्याच्या वर तार. मध्ये किती हवा उरली होती ते मला खालून दिसत होतं, त्यांना वरून दिसत नव्हतं. मी जे ओरडलो ते मराठीत होतं की नुसताच आवाज होता ते आठवत नाही.

"ओरडता कशाला, मुकादम?" ते वरून म्हणाले. "आंबा पाडतोय. तुमची तार नाय तोडीत."

"काठी सोडा! आहे तशी खाली सोडा!"

त्यांनी झेला सोडला. मी तिथंच मातीत बसलो. काकामिया खाली उतरले, मला धरून दुकानात नेलं आणि त्यांनीच मला चहा पाजला. "आंबा पाडायचा नाय तर काय विजेला वाढून ठेवायचा?" असं ते चेष्टेनं म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी शेंडा छाटू दिला. छाटत होतो तेवढा वेळ ते झाडाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसले होते.

हे झालं एकट्या माणसाचं. एका वाडीचं जे झालं ते अजून माझ्या मनातून जात नाही.

बेचाळीसची चळवळ झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या डोंगरात त्या चळवळीत मनोरे पाडले गेले होते, तारा तुटल्या होत्या. त्यानंतर लाइन जरा जरी बंद पडली तरी आमच्या आधी पोलीस पोचत. पूर्वी घुबड बसलं, माकडानं उडी मारली, वेल चढली, असं काहीही कारण चाले. आता फक्त माणूस चाले.

कर्जतच्या बाजूला डोंगरउतारावर एक लहान वाडी होती. नाव मुद्दामच सांगत नाही. सगळी कुणब्यांची घरं, खाली भाताची खाचरं, वर चढाला भात न पिकणारी त्यांची वरकस जमीन आणि तीत ऐनाची झाडं. त्या ऐनांमधून आमची लाइन गेली होती. वाडीतला धाकू माझ्याच वयाचा, चेष्टेखोर, आणि त्याची बायको हौसा कमी बोलणारी. गँग तिकडं गेली की आमचं पाणी हौसावैनीकडं, तंबाखू धाकूकडं.

ज्यांच्या घरी भात लावत नाहीत त्यांच्यासाठी राबाचं सांगायला हवं. आमच्याकडं भाताचं बी नुसत्या जमिनीत टाकत नाहीत. खाचरांच्या वर, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर एक तुकडा धरायचा. त्यावर शेण पसरायचं, शेणावर झाडाचा टहाळ म्हणजे पाल्यासकट तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. मग उन्हाळ्यात तो थर पेटवायचा. भडका नाही होत. धुमसत धुमसत जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. पावसाच्या तोंडावर तिथं भात पेरलं की आवण, म्हणजे रोप, दाट आणि हिरवंगार येतं. तेच पुढं खाचरात लावायचं. या सगळ्याला राब म्हणतात. टहाळाला सगळ्यात चांगला ऐन. दरवर्षी त्याचे हात कापून घ्यायचे आणि पावसात तो पुन्हा पालवतो. ज्याच्या वरकशीत ऐन नाही त्याच्या घरात भात नाही, असा साधा हिशेब.

आता आमचा आणि वाडीचा एक न बोललेला करार होता. तारेजवळचा ऐन तोडणार आम्ही, टहाळ उचलणार ते. लढाईच्या दिवसांत पट्टा रुंद करायचा हुकूम आला आणि आम्ही भरपूर तोडलं. तारेखाली लख्ख ऊन पडायला लागलं. टहाळ तिथंच पडलेला, ऊन तिथंच, जागा उंचावरची. वाडीनं आपले राब हळूहळू तारेखाली सरकवले. टहाळ डोक्यावरून वाहायला नको. आम्हालाही बरंच वाटलं, कारण राब भाजलेल्या जमिनीत झुडूप उगवत नाही. लाइनीवरचे साहेब एकदा पाहून गेले आणि "छान, स्वच्छ ठेवलंय," म्हणाले. दोन उन्हाळे वाडीनं तारेखाली राब भाजले आणि काहीही झालं नाही.

तिसऱ्या वर्षी चैत्रात आमची गँग उतारावर एका ऐनाखाली भाकरी खात बसली होती. खाली धाकूनं आपला राब पेटवला. यंदा टहाळ जास्त होता आणि पुरता सुकलेलाही नव्हता, त्यामुळं धूर दाट, पांढरापिवळा, सरळ वर चढत होता. वाऱ्याचं नाव नव्हतं. धाकू कडेकडेनं हिरव्या फांदीनं जाळ दाबत फिरत होता. हौसा माठ घेऊन आमच्याकडं येत होती. तारेचा तो नेहमीचा गुणगुण आवाज येत होता, ज्याच्याकडं आमचं लक्षही जात नसे.

तो आवाज बदलला. खरखर झाला. गोमानं मान वर केली आणि मी त्याच्याकडं पाहिलं, एवढंच मला नीट आठवतं. मग धुरातून वरून खाली एक पांढराशुभ्र दोर पडला. दोर म्हणतो कारण दुसरा शब्द नाही. तार जागच्या जागी होती, तुटली नव्हती, तिला कुणी शिवलंही नव्हतं. आणि तिच्यातली वीज धुराच्या वाटेनं जमिनीवर उतरून आली. आवाज इतका मोठा होता की तो कानांनी ऐकला असं म्हणता येत नाही. भाकरी हातातून गेली. हौसाच्या हातातला माठ फुटला.

धाकू आडवा पडलेला दिसला. मी त्याच्याकडं पळालो, पण चार पावलांवर थांबलो. खरं सांगतो, पुढं जायची माझी छाती झाली नाही. हौसा मात्र थांबली नाही. मी तिला लुगड्याला धरून मागं ओढलं आणि ती माझ्यावर ओरडत होती, पण मला तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. तेवढ्यात धाकू उठून बसला. डोक्यावरचे, भुवयांचे केस जळलेले, डोळे टक्क उघडे. त्याला बाहेर ओढून आणलं तेव्हा तो एकच गोष्ट विचारत होता.

"कोनी मारलं रं मला? कोनी मारलं?"

वर तार मुकी झाली होती. पुढं कळलं की तेवढ्या वेळात मुंबईच्या गिरण्यांचे पट्टे थांबले होते. थोड्या वेळानं गुणगुण पुन्हा सुरू झाली. मी वीज कंपनीत इतकी वर्षं काढून वीज अशी उघड्यावर कधी पाहिली नव्हती, आणि पाहिल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे की इतके दिवस मी हिच्याखाली बसून भाकरी खातो आहे.

दुपारनंतर साहेब आले आणि त्यांच्याबरोबर फौजदार. साहेब कमी बोलणारे, सज्जन. त्यांनी धूर, राख, वरची तार पाहिली आणि मला हळूच म्हणाले, "धुरातून आणि जाळातून उतरते कधी कधी. पुस्तकात वाचलं होतं." फौजदार घाटावरचा माणूस. त्याला राब ठाऊक नव्हता. त्यानं काठीनं थर उकरला.

"खाली शेण, वर ओला पाला, त्यावर माती," तो म्हणाला. "जाळ कमी आणि धूर जास्त व्हावा म्हणून रचलंय हे. आणि बरोबर तारेखाली."

"शेती आहे ती, साहेब," मी म्हणालो.

"माती जाळून शेती?"

"आमच्याकडं जाळतात."

"आमच्याकडं पेरतात," तो म्हणाला आणि त्यानं शिपायाला खूण केली. त्याचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. राब कधी न पाहिलेल्या माणसानं दुसरं काय समजावं? धाकूला दोरी लावून कर्जतला नेलं. एका कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळं शिपाई काय विचारतो ते न कळून तो हसत होता, आणि तेही त्याच्याविरुद्ध गेलं.

साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. "मी अपघात म्हणून लिहितो," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर तो सुटेल. पण राबामुळं झालं असं लिहिलं की मुंबईहून हुकूम येणार. तारेखाली विस्तव बंद. त्या वाडीला सांगून ठेवा, उरलेले राब पेटवायचे नाहीत."

मला आनंद झाला. मी तसाच कर्जतला गेलो आणि कोठडीच्या गजांतून धाकूला त्याच्या चांगल्या कानाशी सगळं सांगितलं. तो सुटणार हे ऐकून त्याचा चेहरा खुलला. मग म्हणाला, "विस्तव बंद कोनाचा? माझा, का समद्यांचा?"

"सगळ्यांचा. तारेखाली कुणीच भाजायचं नाही."

"थर घालून झालंत समद्यांचं. दुसरीकडं जागा कुठं हाय? खाली पानी साचतं, वर मालकाचं कुरन, बाजूला ऐनाची सावली."

"बघू काहीतरी," मी म्हणालो. मी निघताना त्यानं तंबाखू मागितली.

दोन दिवसांनी फौजदारानं मला रस्त्यात गाठलं. खुशीत होता. "तुमचा माणूस कबूल झाला," तो म्हणाला. "लाइन बंद पाडायला मुद्दाम पेटवलं म्हणतो. एकट्यानं. तुम्ही आणि तुमचे साहेब शेती शेती करत बसलात."

मी रस्त्यातच उभा राहिलो. विजेनं जेवढा हादरलो नव्हतो तेवढा या वाक्यानं हादरलो. पुन्हा कोठडी गाठली. धाकू भिंतीला टेकून आरामात बसला होता.

"काय केलंस हे?"

"वरडू नका, मुकादम. इचार करून केलंय."

त्याचा विचार असा होता. राबानं झालं असं लिहिलं तर सगळ्या वाडीचा राब जाईल. राब नाही तर आवण नाही, आवण नाही तर वर्षभर भात नाही. एका माणसानं मुद्दाम केलं असं लिहिलं, तर शिक्षा त्या माणसाला होईल आणि राबाचं नावच कागदावर येणार नाही. कोर्टात नेलं तेव्हा बाहेर भेटलेल्या एका वकिलानं त्याला सांगितलं होतं की मोडतोड काही नाही, कबूल झालास तर फार तर सहा महिने.

"सा म्हयनं मी बसतो," धाकू म्हणाला. "त्यात काय? वाडी जेवंल."

"अरे पण ते पेटवतील आणि पुन्हा उतरेल! हौसावैनी असेल तिथं!"

"दोन वर्सं काय झालं नाय. टहाळ ओला व्हता ह्या टायमाला. सुकवून पेटवा म्हनून सांगितलंय."

मी गजांना धरून त्याला समजावलं, शिव्या दिल्या, हात जोडले. तो ज्या विजेनं आडवा झाला होता तिच्याखाली आपली बायको उभी करायला तयार होता, आणि तेही भल्यासाठी. त्याला ती वीज म्हणजे एकदा झालेली गोष्ट वाटत होती. मला ती रोज तिथं वर असलेली दिसत होती. हा फरक मला त्याला सांगता आला नाही.

वाडीत गेलो. माणसं जमली. मी म्हणालो, राब तारेखालून उचलू. शेण, टहाळ, पातेरा, माती, सगळा थर टोपल्यांनी वाहून बाजूला नेऊ. मग साहेबांनी खरं लिहिलं तरी कुणाचं बिघडत नाही, आणि धाकूला जबाब मागं घेता येईल.

"बाजूला म्हंजी ऐनात," एक म्हातारा म्हणाला. "सावलीत आवण लांबडं हुतं, पिवळं पडतं. नि ऐनाखाली भाजलं तं ऐन करपंल."

पुढचं सगळ्यांच्या मनात आलं होतं, पण बोलायचं कुणी? टहाळ काढणं वेगळं आणि ऐन बुडातून पाडणं वेगळं. त्या झाडांवर दरवर्षीचा राब चाले. शेवटी हौसा मागून पुढं आली. ती चारचौघांत बोलताना मी त्याआधी पाहिली नव्हती.

"ऐन पाडा, भाऊ," ती म्हणाली.

"वैनी, पुढच्या वर्षी टहाळ कुठनं आणणार?"

"ह्या वर्साला मानूस आनायचा हाय. पाडा."

एकेक जण उठून टोपली आणायला गेला.

आम्हाला वाटेल ते झाड पाडायची मुभा नव्हती. पडलं तर तारेवर येईल असं झाड, एवढंच आमच्या हद्दीत. ते ठरवायला साहेब आले. उतारावर उभे राहून त्यांनी पहिल्या ऐनाकडे बोट केलं. "हा पडला तर तारेवर येईल?"

"येईल, साहेब."

"हा?"

"वारा असला तर येईल."

"आणि तो? तो तर पार तिकडं आहे."

"मोठा वारा असला तर येईल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि रुमालानं चष्मा पुसत म्हणाले, "या भागात वारा फार मोठा असतो म्हणायचं." एवढं बोलून ते निघून गेले.

ऐन पाडणं हे गोमाचं काम नव्हतं, त्याला वर चढून फांद्या काढायची सवय. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि म्हणाला, "मी न्हाई मारनार ह्यांना." त्याला मी आग्रह केला नाही. मी आणि बाकीच्यांनी पाडलं. जुनी झाडं होती, धाकूच्या आज्याच्या हातची. ऐनाचं लाकूड कठीण, घावागणिक कुऱ्हाड उसळते. प्रत्येक झाड पडलं की जमिनीला दणका बसे आणि बायका क्षणभर थांबून पुन्हा टोपल्या उचलत. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी थर पुन्हा जसाच्या तसा रचला आणि पेटवला. मी तारेकडं डोळे लावून उभा होतो. धूर उतारावरून पलीकडं गेला. तार गुणगुणत राहिली.

हौसा मला म्हणाली, "राब हलवला येवढंच सांगा त्यास्नी. ऐनाचं बोलू नका."

मी तेवढंच सांगितलं. "सगळ्यांचा राब बाजूला नेला, भाजूनही झाला," म्हणालो. धाकूनं तीनतीनदा विचारलं, "जागा कुठं गावली?" मी म्हणालो, "गावली." साहेबांनी कागद पाठवला, धाकूनं मॅजिस्ट्रेटसमोर जबाब फिरवला. फौजदार चिडला, पण मॅजिस्ट्रेट कोकणातलेच होते, त्यांच्या घरीही राब भाजत असत. धाकू सुटला.

मुंबईहून तारेखाली विस्तव न करण्याचा हुकूम आला. मी गावोगाव जाऊन राब बाजूला घ्यायला लावले. माझ्या लाइनीवर त्यानंतर राबामुळं वीज कधी उतरली नाही, आणि माझ्या नोकरीत वरच्यांनी पाठ थोपटली ती या एकाच कामासाठी. कुणी विचारलं की मी ही हकिकत एवढ्यावरच संपवतो. आज पुढचं लिहितो.

धाकूला घेऊन मीच वाडीवर आलो. हौसानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, त्यानं तोंड धुतलं, पाणी प्याला आणि म्हणाला, "चला, राब बघू." हौसा मागं राहिली. मग तीही आली.

नव्या जागी राब काळेभोर, सारखे भाजलेले होते. धाकू उकिडवा बसला, त्यानं मूठभर राख उचलली, चोळून पाहिली. "झ्याक भाजलाय गं," तो हौसाला म्हणाला. खरोखर आनंदला होता. मग उठताना त्याला ऊन लागलं. त्यानं हात कपाळाशी धरला आणि वर पाहिलं. वर नुसतं आकाश होतं. तो वळला. तोडलेले बुंधे एकामागून एक उतारावर दिसत होते, घाव अजून ओले आणि तांबूस.

तो पहिल्या बुंध्याशी गेला, हात लावला. दुसऱ्याशी गेला. असं करत शेवटच्यापर्यंत गेला, त्या मोठ्या वाऱ्याच्या ऐनापर्यंत. तिथून परत आला.

"कोनी पाडलं?"

"आमी," हौसा म्हणाली.

"कशापाय?"

"तुमच्यापायी."

मला वाटलं, तो रडेल, निदान तिचा हात धरेल. मी इकडं तिकडं बघायला लागलो. धाकू एका बुंध्यावर बसला. तो रागावला नव्हता. न समजलेली गोष्ट नीट समजून घ्यावी तसं त्यानं माझ्याकडं चांगला कान केला.

"वकील किती बोलला व्हता, मुकादम?"

"सहा महिने."

"मग बसलो असतो ना मी," तो म्हणाला. "सा म्हयनं बसलो असतो. सा म्हयन्यात ऐन येतो का?"